सहा-सात जणांच्या बॅचमध्ये पहिल्यांदा जाताना

प्रश्न : "वय ४४. पोवई नाक्याजवळ ऑफिस, दिवसभर बसून काम. शाळा सुटल्यापासून व्यायाम असा कधी केलाच नाही. गेल्या महिन्यात तपासणीत शुगर बॉर्डरवर आली (एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.०). बीपीची गोळी चालू आहे, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. घराजवळ गोडोलीत एक सर सहा-सात जणांची सकाळची बॅच घेतात. मोठ्या जिमची भीती वाटते, पण बॅचमध्येही सगळे पुढे निघून जातील आणि मी एकटी मागे राहीन असं वाटतं. जाऊ का? गेले तर काय होईल आणि फरक किती दिवसांत पडेल?"

ताई, जा. आणि बॅचमध्येच जा.

मी साताऱ्यात चौदा वर्षं छोट्या बॅचेस घेते आहे, सकाळी दोन आणि संध्याकाळी एक. तुम्ही लिहिलेली भीती मला पहिल्या दिवशी दारात चपला काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या चेहऱ्यावर दिसते. "मी करीन हो, पण माझ्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा नको." म्हणून आधी त्याचं उत्तर देते, गुडघा आणि शुगरचं मागाहून.

बॅच नीट चालवली जात असेल तर मागे राहण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे सगळ्यांना एकच माप लावलेलं नसतं. आमच्याकडे सोमवारी बैठका असतात. बैठक एकच, पण खिडकीजवळची एक काकू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पूर्ण टेकते आणि हात न लावता उठते. तिच्या शेजारची खुर्चीला नुसता स्पर्श करून वर येते. तिसरी छातीशी आठ किलोचं डंबेल धरून मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत खाली जाते. तिघींना वेळ सारखा, मधली विश्रांती सारखी, आणि शेवटच्या दोन बैठकांना तिघींच्याही मांड्या सारख्याच भरून येतात. पुशअपचंही तेच. कुणी भिंतीला हात लावून करते, कुणी ओट्याएवढ्या उंचीच्या कठड्यावर, कुणी बाकावर, तर कुणी जमिनीवर. आज भिंतीवर असलेली बाई दोन-तीन महिन्यांनी कठड्यावर येते. ही पायरी ठरवणं हे ट्रेनरचं काम आहे आणि छोट्या बॅचचे पैसे आपण त्यासाठीच देतो. पंचवीस जणांच्या क्लासमध्ये समोरचा माणूस कितीही चांगला असला तरी तुमची टाच उचलली जाते की नाही हे त्याला दिसत नाही. सहा-सात जणांत दिसतं. नवख्यांच्या बॅचमध्ये मी आठच्या वर एकही नाव घेत नाही, कारण नववी आली की माझी नजर पुरत नाही हे मला माहीत आहे.

आपल्याकडे ही पद्धत नवी नाहीच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. असे मल्ल ज्या तालमींत घडले, तिथे पोरं एकत्र घाम गाळायची आणि वस्तादाची नजर एकेकावर फिरायची. नव्या पोराला कुणी पहिल्या दिवशी तयार गड्याच्या अंगावर सोडत नाही. आधी हौदातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरायची, थोडे जोर, थोड्या बैठका. तुमच्या गोडोलीच्या बॅचमध्ये लाल माती नसेल, रबराची मॅट असेल, पण चांगल्या बॅचची खूण तीच, की नजर एकेकावर फिरते. (एक फरक मात्र लक्षात ठेवा. तालमीतली बैठक टाचा उचलून मारतात. तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला सध्या ती नको. टाच जमिनीला घट्ट हवी.)

आता पहिला दिवस. सरांनी तुम्हाला आल्या आल्या ओळीत उभं करून उड्या मारायला लावल्या, तर दुसऱ्या दिवशी जाण्याआधी विचार करा. पहिली पंधरा-वीस मिनिटं विचारपूस व्हायला हवी. कुठल्या गोळ्या चालू आहेत, ऑपरेशन झालंय का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, घरात कुणाला हृदयविकार आहे का, काय दुखतं आणि कधी दुखतं. मग काही साध्या हालचाली बघतात. मी खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजते आणि वहीत लिहून ठेवते. दुसरी तपासणी वाकण्याची. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरायचा. तो डोक्याला मागून, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला असा तीन ठिकाणी टेकलेला राहिला पाहिजे आणि तसाच ठेवून कमरेतून पुढे झुकायचं. पहिल्यांदा जवळजवळ सगळ्यांचं माकडहाड दांड्यापासून सुटतं, कारण पाण्याची बादली उचलताना आपण आयुष्यभर पाठ गोल करूनच वाकलेलो असतो. दोन-तीन आठवड्यांत एक दिवस दांडा सुटत नाही आणि त्या बाईला स्वतःलाच कळतं की आज ढुंगण मागे गेलं आणि पाठ सरळ राहिली. त्या दिवसापासून घरातली बादली, गव्हाचं पोतं, नातवंड, सगळं उचलणं बदलतं. माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच आहे.

पहिला महिना तुम्हाला "एवढंच?" असं वाटलं पाहिजे. हे मी मुद्दाम सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त चूक होते आणि ती मी स्वतः केलेली आहे. काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी एक बाई आल्या, वय तुमच्याएवढंच. उत्साह दांडगा होता. मीही जोशात येऊन त्यांच्याकडून थोड्या थोड्या करत शंभरावर बैठका काढून घेतल्या. जाताना त्या हसत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांड्या अशा धरल्या की चार दिवस भिंतीला धरून जिना उतरावा लागला, आणि त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्यात कमतरता नव्हती, माप माझं चुकलं होतं. आज नव्या बाईला पहिल्या दिवशी मी दहा-दहाचे दोन सेट देते, आणि तिला आणखी करावंसं वाटत असतानाच थांबवते.

अंग धरण्याबद्दल नीट समजून घ्या. स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागला, म्हणजे बैठकीत सावकाश खाली जाताना किंवा उतार उतरताना, की त्याच्या धाग्यांना सूक्ष्म इजा होते. दुखणं लगेच येत नाही. ते साधारण २४ ते ७२ तासांत चढतं आणि मग ओसरतं. लॅक्टिक ॲसिड साचतं म्हणून दुखतं असं अजून पुष्कळ जण सांगतात, पण ते ॲसिड तासा-दोन तासांतच रक्तातून निघून गेलेलं असतं. दोन्ही मांड्यांत सारखं, बोथट दुखत असेल तर काळजी नाही. हलकं चाला. पुढच्या वेळी तोच व्यायाम केला तर कमी दुखतं, शरीर फार लवकर शिकतं. पण दुखणं टोचणारं असेल, सांध्याच्या आत असेल किंवा एकाच बाजूला असेल तर सरांना सांगायचं. आणि मी प्रत्येकीला सांगते तेही लिहून ठेवते. झेपेल त्याच्या फार पुढे व्यायाम झाला आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटल्याची ती खूण असते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. असं क्वचितच होतं, पण होतं ते बहुतेक वेळा जोशात आलेल्या नवख्यांनाच.

तुमच्या बीपीबद्दल. जाण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. बीपी आटोक्यात आहे का, आणि वजन उचलायला काही हरकत आहे का. आटोक्यात असेल तर व्यायाम बीपीला मदतच करतो. वजन उचलताना श्वास रोखू नका, श्वास रोखून जोर लावला की बीपी क्षणात वर उडी मारतं. बैठकीत वर येताना तोंडाने श्वास सोडा, आमच्याकडे मी मोठ्याने आकडे मोजायला लावते, आपोआप सुटतो. व्यायाम संपला की एकदम थांबून उभं राहू नका, पाच मिनिटं सावकाश चाला, नाहीतर गोळी घेणाऱ्यांना डोळ्यांपुढे अंधारी येते. आणखी एक. बीपीच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढूच देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा तुम्हाला फसवू शकतो. त्यापेक्षा बोलून बघा. धाप लागलेली असताना एक पूर्ण वाक्य बोलता येत असेल पण गाणं म्हणता येत नसेल, तर वेग बरोबर आहे. वाक्य तुटत असेल तर कमी करा.

गुडघ्याचं. तुम्ही चढताना नव्हे, उतरताना दुखतं असं लिहिलं आहे आणि ही फार उपयोगी माहिती आहे, पहिल्या दिवशी सरांना नेमकी अशीच सांगा. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखं काम करतो. तो आणि कमरेच्या बाजूचे स्नायू अशक्त असतील तर गुडघ्याच्या वाटीवर भार येतो. तुमच्या वयात, बैठ्या कामात, हे कारण फार वेळा सापडतं आणि हळूहळू ताकद वाढवणं हाच त्यावरचा मुख्य उपाय असतो. गुडघ्याला सूज येत असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा दगा देत असेल, तर मात्र आधी हाडांचे डॉक्टर किंवा फिजिओ आणि मग बॅच. नुसता कटकट आवाज येतो आणि दुखत नाही, तर त्याला घाबरू नका. व्यायाम करताना मी दहापैकी गुण विचारते. दुखणं तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीइतकंच असेल, तर चालू ठेवायचं. त्याच्या वर गेलं तर खुर्ची उंच करायची. खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या की बैठक केवढी सोपी होते बघा.

बॅचच्या जोडीला अजिंक्यतारा चढू का, असंही पुष्कळ जणी विचारतात. सकाळी 'चार भिंती' स्मारकाच्या बाजूने किल्ल्यावर जाणारी माणसं बघितली की आपणही जावंसं वाटतं, ते खरं आहे. पण तुमच्या गुडघ्याला पहिले दोन महिने ती उतरण नको. सपाटीवर चाला. यवतेश्वरच्या घाटातली २१ किलोमीटरची हिल मॅरेथॉन जवळ आली की "मलाही पळायचंय" म्हणत लोक येतात, त्यांनाही मी हेच सांगते, आधी पाय तयार होऊ द्या.

शुगरचं मात्र मला मनापासून सांगायचं आहे, कारण तुमच्यासारख्या वळणावर आलेल्या बाईला व्यायामाचा फायदा सगळ्यात जास्त होतो. ५.७ ते ६.४ ही एचबीएवनसीची बॉर्डर. जेवणानंतर रक्तातली साखर साठवायला शरीरात सगळ्यात मोठी जागा स्नायूंत असते. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर आत ओढतो आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस त्याची ही भूक टिकते. म्हणूनच आमच्या बॅचेस सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा असतात आणि मी म्हणते की सलग दोन दिवसांहून जास्त खाडा पडू देऊ नका. रविवारी बॅच नसली तरी जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करायला सांगते. तीन दिवसांच्या बॅचमध्ये ताकदीचा भाग होऊन जातो, चालणं तुमचं तुम्ही धरायचं. सकाळी उपाशीपोटी यायचं का? तुम्हाला शुगरची गोळी नाही, त्यामुळे साधारणपणे अडचण नाही, पण गळल्यासारखं होत असेल तर अर्धं केळं खा. उद्या शुगरची औषधं सुरू झाली तर डॉक्टरांना वेळा विचारूनच या.

आता फरक. पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवेल. स्नायू तेवढे मोठे झालेले नसतात, पण मेंदू त्याच स्नायूंतले जास्त धागे एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. खुर्चीवरून उठण्याचा आकडा वाढतो, कुकर उचलताना मनगट थरथरत नाही, झोप लागते. वजनकाटा या काळात जागचा हलणार नाही, कदाचित अर्धा किलो वरही जाईल, कारण नव्याने काम करणाऱ्या स्नायूत पाणी धरलं जातं. हे कुणी सांगत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात बायका रडवेल्या होऊन बॅच सोडतात. काटा महिनाभर कपाटावर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ब्लाऊज आणि सलवारीची नाडी सांगेल. एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी नको. ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे महिनाभरात नीट चित्र दिसत नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगते. भारतीय शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६५ किलोच्या बाईला साधारण ५४ ग्रॅम. आपल्या ताटात भाकरी, भात, बटाटा भरपूर असतो आणि हेच कमी पडतं. मटकीची उसळ वाटीभर वाढवा, दही, दूध, मूग, चालत असेल तर अंडी. प्रोटीन पावडरचा डबा विकत घ्यायची गरज नाही.

बायकांनी एकमेकींना न सांगितलेली एक गोष्ट आहे. बाळंतपणं झालेल्या पुष्कळ बायकांना उडी मारताना किंवा शिंकताना थोडी लघवी सुटते आणि त्या लाजेने उड्यांच्या दिवशी बॅचला दांडी मारतात, पुढे येणंच थांबवतात. ताई, तुम्हालाही असं होत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि हे बरं होतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम असतात, फिजिओ नीट शिकवतात. ट्रेनरना एवढंच सांगितलं तरी पुरे : "उड्या नको, त्याऐवजी दुसरं द्या." कारण विचारू नये एवढं भान त्यांना हवं.

बॅचचा मोठा फायदा मला पावसाळ्यात दिसतो. जुलैत पहाटे साताऱ्यात झड लागलेली असते, अंथरूण सोडवत नाही, एकटीने चालणाऱ्या बायका तेव्हाच थांबतात. बॅचमधल्या मात्र येतात, कारण सहाला पाच कमी असताना फोन वाजतो आणि पलीकडून "निघालीस का?" येतं. सातजणीतली एक नसली तर जागा रिकामी दिसते. चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर दुसऱ्यांचंच बघणाऱ्या बाईची कुणीतरी वाट पाहतंय, हे माझ्या कुठल्याही व्यायामापेक्षा तिला जास्त दिवस बांधून ठेवतं.

फी भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून बॅच बघायला मागा. सर समोर उभं राहून स्वतःच व्यायाम करत असतील, तर ते तुम्हाला बघू शकणार नाहीत. ते फिरताहेत का, मागच्या ओळीतल्या बाईजवळ जाऊन थांबतात का, हात लावण्याआधी विचारतात का, हे बघा. सगळ्यांसमोर वजन करून आकडा मोठ्याने सांगितला जात असेल तर तिथे जाऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगते. महिन्यात दहा किलोची हमी आणि त्यासोबत पावडरचा डबा, तिथेही नको.

सोमवारी जाताना टाच सरकणार नाही असे बूट, पाण्याची बाटली आणि एका कागदावर तुमच्या बीपीच्या गोळीचं नाव आणि मात्रा लिहून न्या. त्याखाली लिहा, "उजवा गुडघा, उतरताना." आणि पहिली बैठक खुर्चीवरच मागा.